बावीसशे अठ्ठ्याऐंशीची रेघ

१

चिंधा मास्तर पन्हं पिऊन मेला, ही बातमी सुरतेजवळच्या उधन्याच्या चाळींत अशी पसरली की कैऱ्या विकणाऱ्या बायकांनी भर दुपारी टोपल्या उचलून घर गाठलं. सहासष्ट सालचा उन्हाळा होता, कैरीचे ऐन दिवस होते, आणि कैरीकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

चिंधा पाटील हा भाईदास शेठच्या कारखान्यातला मास्तर. कारखाना लूमच्या सुट्या भागांचा. नट, बोल्ट, पट्ट्या बनवायच्या आणि गंज धरू नये म्हणून टाकीत सोडून त्यांच्यावर मुलामा चढवायचा. त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काशीबाई सपकाळे नावाची बाई पन्हं घेऊन आली, मास्तर दोन पेले प्याला, आणि बिडी संपायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. मंगळवारी संध्याकाळी सरकारी दवाखान्यात त्यानं डोळे मिटले.

तपास आला फौजदार हिलाल बोरसेकडे. हा गडी मूळचा शिरपूरचा. मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा नोकरी सुरतेत होती म्हणून गुजरातच्या वाट्याला आला, आणि तेव्हापासून रागातच होता. अंगानं जाड, तोंडात कायम सुपारी, बोलणं फटकळ. पण माणूस खोटं बोलायला लागला की याच्या पोटात आधी कळायचं. नोकरी त्या पोटावर चालली होती.

यावेळी पोटाला काही करायचं उरलंच नव्हतं. सगळं आयतं हातात आलं. काशीबाई विधवा, भुसावळकडची, बौद्ध. तिचा मुलगा भगवंत याच कारखान्यात टाकीवर कामाला. आठवड्यापूर्वी चिंधा मास्तर त्याला जातीवरून वाटेल ते बोलला, कामावरून काढतो म्हणाला. काशीबाई तशीच कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत ओरडली, ‘तुझं वाटोळं होईल, मास्तर!’ मग तिच्या खोलीची झडती घेतली तर फळीवर सोमलाची पुडी. उंदरांसाठी, म्हणाली. सगळेच तसं म्हणतात.

वरून धातूंची तपासणी करणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेचा दाखला आला. मुंबईच्या सरकारी तपासणीला महिने लागतात, म्हणून हिलालनं मास्तरच्या पोटातला अंश थोडा इथेच देऊन विचारलं होतं, ‘यात सोमल आहे का?’ उत्तर आलं, आहे. खाली संचालकांची सही.

डेप्युटी साहेब खूश झाले. ‘बोरसे, उद्या बाईला पुन्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभी करा. आणि कबुलीजबाब घेऊन या, उगाच वकिलांना खेळायला जागा नको.’

‘हो साहेब,’ हिलाल म्हणाला. बाहेर येऊन त्यानं मुद्देमालाची पेटी उघडली, सोमलाची पुडी हातात घेतली आणि खिडकीपाशी नेऊन पाहिली. दुकानदारानं खळीनं चिकटवलेला कागद चारी बाजूंनी जसाच्या तसा होता. पुडी फुटलेलीच नव्हती.

२

‘दुसरी पुडी कुठाय?’ हिलालनं विचारलं.

काशीबाई कोठडीच्या भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत चेहरा निम्मा झाला होता. ‘एकच आणली होती, साहेब. उंदीर गेले, मग फोडलीच नाही.’

‘मग मास्तरच्या पोटात सोमल काय आभाळातून पडला?’

‘मले काय ठाऊक? तुमचे लोक शिकेल आहेत, ते सांगतील.’

‘बाई, कबूल करून टाक. बोलला असेल तुझ्या पोराला वाईट, गेलं असेल डोकं. फाशी टळेल तुझी.’

‘तीन दिवस तेच विचारून राहिले तुमी. मारा, जीव घ्या. जे केलं नाही ते मी केलं म्हणणार नाही. माझ्या पोराला उद्या लोक काय म्हणतील? विष घालणारीचा पोर?’ बोलता बोलता तिला घेरी आली आणि ती हातावर रेलली.

पहाऱ्यावरचा शिपाई धुडकू म्हणाला, ‘साहेब, काही खात नाही ती. चौकीचं अन्न तोंडाजवळ नेलं की उमळतं म्हणे.’

‘मग घरून येऊ दे की! उद्या कोर्टात आडवी झाली तर माझ्या नावानं शिमगा होईल.’ हिलाल बाईकडे वळला. ‘काय हवं तुला? पोराला निरोप देतो.’

‘काहीतरी आंबट,’ ती क्षीण आवाजात म्हणाली. ‘तोंडाला चवच नाही.’

‘भगवंतला सांग रे,’ हिलाल धुडकूला म्हणाला, ‘आईसाठी जे आणायचं ते आण म्हणावं. अडवू नकोस त्याला.’

मग तो कारखान्यात गेला. फुटक्या पुडीवर खटला उभा राहतो, न फुटलेल्या पुडीवर कसा राहणार? कुणीतरी दुसऱ्यानं घातलं असेल तर? भाईदास शेठ पंख्याखाली घामाघूम बसला होता. हात जोडून म्हणाला, ‘फौजदार साहेब, हूं तो मरी गयो. माझा सोन्यासारखा मास्तर गेला.’

‘सोन्यासारखा मास्तर कडोदऱ्याला स्वतःचा कारखाना काढणार होता म्हणे. तुमचे कारागीर घेऊन.’

शेठचा पंखा चालूच होता, पण शेठ गार पडला. ‘कोणी सांगितलं? बोलाचाली झाली, मानतो. पण साहेब, मी जैन माणूस. मुंगी मारत नाही.’

हिलालच्या पोटानं कौल दिला की शेठ कारागिरांबद्दल खोटं बोलतोय आणि विषाबद्दल खरं. आता उरला पोपट. चिंधाच्या हाताखालचा. चिंधा गेला की मास्तरकी त्याचीच. सोमवारी त्यालाही पन्हं मिळालं होतं, आणि एक घोट तोंडात घेऊन त्यानं तो सगळ्यांसमोर थुंकून टाकला होता. हे कारखान्यात प्रत्येकानं सांगितलं. प्रत्येकानं पुढे कारणही सांगितलं: काशीबाईच्या हातचं आहे म्हणून थुंकला.

पोपट शिरपूरकडचाच निघाला, म्हणून हिलाल सरळ घरच्या बोलीवर आला. ‘खरं सांग रे पोपट, काय व्हयनं?’

पोपट मागे सरकला. ‘साहेब, माझ्यावर शिवाशिवनी केस करू नका. कायद्यानं आत टाकतील माले.’

‘खुनाच्या केसमध्ये बसलायस आणि तुला शिवाशिवीची पडलीय? थुंकलास का?’

‘चव!’ पोपट एकदम म्हणाला. ‘देवाशप्पथ, चव! तोंडमा पैसा धरेल व्हता असं लागनं. तांब्याचा पैसा जिभेवर ठेवल्यासारखं, साहेब. मी थुंकलो, तर सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले की मी काही बोललोच नाही. काय सांगू? जातीमुळे नाही, चवीमुळे थुंकलो? कोण मानेल?’

‘मग मास्तर कसा प्याला?’

पोपटनं खाली बघितलं. ‘पहिल्या घोटाला त्याचंही तोंड वाकडं झालं. मी पाहिलं. पण भांडण मिटवायला ती पन्हं घेऊन आली होती, साहेब. मास्तरनं शनिवारी भगवंतला कायम केलं होतं, झालं गेलं विसरा म्हणाला होता. सगळा कारखाना बघतोय याच्या तोंडाकडे, आता हा हिच्या हातचं पितो की नाही. त्यानं घटाघट पेला संपवला. वर दुसरा मागून घेतला.’

 हिलालची सुपारी चघळायची राहिली. माणूस चांगला वागायला गेला आणि त्यातच मेला, असं पहिल्यांदाच त्याच्या कागदावर येत होतं.

तो तडक दवाखान्यात गेला आणि डॉक्टरला एकच प्रश्न विचारला: सोमलाची चव कशी असते?

‘चव?’ डॉक्टर हसला. ‘अहो बोरसे, त्याला चवच नसते. म्हणून तर जुन्या काळापासून लोक तो वापरत आले.’

३

प्रयोगशाळा कतारगामच्या वाटेवर एका पेढीच्या माडीवर होती. संचालक मगनलाल अहमदाबादला गेले होते. त्यांची सहकारी मंगलाबाई खैरनार भेटली. बडोद्याला एम. एस्सी. झालेली, चाळिशीची, चष्म्यावरून बघणारी बाई. पोलीस आलेले तिला मुळीच आवडलं नाही.

‘दाखला सरांच्या सहीचा आहे. मी रजेवर होते. जे आहे ते त्यात लिहिलंय.’

‘बाई, उद्या एका बाईला मी फासाच्या वाटेला लावणार आहे. सोमलाला चव नसते म्हणतात, आणि त्या पन्ह्याला अशी चव होती की एकानं घोट थुंकून टाकला, आणि जो प्याला तो दुसऱ्या दिवसापर्यंत ओकून मेला. मला फक्त दाखवा, तुम्हाला तो सोमल दिसला कसा. मी अडाणी आहे असं समजून सांगा.’

मंगलाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उठून कपाटातून काचेची एक काळपट पट्टी काढली आणि उजेडाच्या पेटीवर ठेवली. पट्टीवर बारीक उभ्या रेघांच्या रांगा होत्या, कुठे दाट, कुठे विरळ.

‘धातू विजेच्या ठिणगीत जाळला की त्याचा प्रकाश पडतो,’ ती म्हणाली. ‘तो लोलकातून फोडला की अशा रेघा मिळतात. प्रत्येक धातूच्या रेघा ठरलेल्या, ठरलेल्या जागी. तांब्याच्या वेगळ्या, शिशाच्या वेगळ्या. यातल्या पुष्कळशा जांभळ्याच्याही पलीकडे असतात. आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या काचेतून जातही नाहीत. म्हणून आमची भिंगं स्फटिकाची, आणि बघायला डोळ्याऐवजी ही फोटोची पट्टी. कळतंय?’

‘कळतंय. म्हणजे हे धातूंच्या बोटांचे ठसे.’

‘तसं समजा. ही वरची रांग लोखंडाची. तिच्या रेघा आम्हाला पाठ असतात, त्यामुळे मैलाच्या दगडांसारखं त्यावरून मोजत जायचं. खालची रांग तुमच्या माणसाच्या पोटातली. आणि ही,’ तिनं सुईचं टोक एका ठळक रेघेवर टेकवलं, ‘बावीसशे अठ्ठ्याऐंशी. प्रकाशलहरीच्या या लांबीवर सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, रेघ पडते. सरांनी मोजली आहे. बरोबर मोजली आहे.’

हिलालनं वाकून पाहिलं. एवढीशी रेघ. केसाएवढी. हिच्यावर बाईचा जीव टांगलेला.

‘बाई, एका बोटाच्या ठशावर आम्ही माणूस पकडतो, पण दहाही बोटं मागतो. सोमलाला रेघ एकच असते का?’

‘नाही हो. तेवीसशे पन्नासला एक ठळक असते. ती तर—’ मंगलाबाई बोलता बोलता थांबली. तिनं भिंग डोळ्याला लावलं. पट्टी जराशी सरकवली, पुन्हा मागे घेतली. 

‘काय झालं?’

‘नाही,’ ती म्हणाली.

‘काय नाही?’

‘तेवीसशे पन्नासला काही नाही. सत्तावीसशे ऐंशीला नाही. एवढी ठळक एक रेघ आहे, तर बाकीच्या फिकट तरी हव्यात.’ तिच्या आवाजातला करडेपणा गेला होता. ‘सरांनी घाईत एक पाहिली आणि बाकीच्या पुसट असतील म्हणून धरून चालले असणार. तुम्ही लिहून विचारलं होतं, सोमल आहे का. त्यांनी सोमलाच्या जागी बघितलं, तिथे रेघ होती.’

हिलालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे मी जे विचारलं तेच मला सापडलं, त्याच्या मनात आलं.

‘मग ती रेघ कुणाची?’

‘थांबा.’ तिनं पट्टी उजवीकडे ओढली, लोखंडाच्या रेघा पुटपुटत मोजत गेली. ‘तेहेतीसशेच्या अलीकडे... बत्तीसशे एकसष्ट... आहे! चौतीसशे सहासष्ट... आहे. फौजदार साहेब, बावीसशे अठ्ठ्याऐंशीला दोन धातू येतात. सोमलाची रेघ आणि कॅडमियमची रेघ. दोघांत अंतर इतकं थोडं की आमच्या यंत्रावर एकमेकींवर पडतात, सुटत नाहीत. शिकताना आम्हाला पहिल्याच महिन्यात बजावतात, एकीवर विश्वास ठेवू नका. हा सोमल नाही. हा कॅडमियम आहे.’

‘तो काय असतो?’

‘पांढरा, मऊ धातू. पोटात गेला तर ओकाऱ्या, जुलाब, माणूस जाऊही शकतो. लोखंडाला गंज लागू नये म्हणून हल्ली त्याचा मुलामा देतात. नट, बोल्ट...’

हिलाल ताडकन उभा राहिला. भाईदास शेठची टाकी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्या टाकीत हात घालणारे तीनच जण होते: पोपट, चिंधा मास्तर आणि काशीबाईचा मुलगा.

४

‘टाकीतलं पाणी पन्ह्यात घातलं कुणीतरी!’ तो म्हणाला.

मंगलाबाईनं मान हलवली. ‘त्या पाण्यात सायनाईड असतं. ते पोटात गेलं असतं तर माणूस कारखान्यातच मेला असता. दुसऱ्या दिवसापर्यंत ओकत राहिला नसता. आणि तुमचा तो थुंकणारा? त्याला घोटभरानंही बाधलं असतं.’

हिलाल पुन्हा खाली बसला. टाकीतला धातू मास्तरच्या पोटात गेला, पण टाकीतलं पाणी गेलं नाही. पाण्याशिवाय धातू जातो कसा? कुणी काय बोल्ट किसून घातला?

‘हा धातू कशात विरघळतो?’ त्यानं विचारलं.

‘आंबटात. लिंबू, चिंच, व्हिनेगर. रात्रभर ठेवलं तर चांगलाच उतरतो.’

‘म्हणजे पितळेत ताक ठेवलं की कळकतं तसं?’

‘अगदी तसंच. त्याहून वाईट.’

‘म्हणून आपण आतून कल्हई करतो.’ हिलाल स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. ‘बाई, या मुलाम्याचं भांडं दिसतं कसं?’

‘चकचकीत, रुपेरी.’ मंगलाबाई सहज म्हणाली. ‘कल्हईसारखंच. बघणारा फसेल.’

बोलून झाल्यावर तिलाही कळलं.  सोमवारी पोलिसांनी जप्त केला होता तो काचेचा पेला. पन्हं ज्यातून आलं ते भांडं कुणी पाहिलंच नव्हतं.

जीप उधन्याच्या चाळीसमोर थांबली तेव्हा काशीबाईच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या दारात अंजनाबाई तांदूळ निवडत बसली होती. काशीबाईची जुनी मैत्रीण.

‘मावशी, काशीबाईनं सोमवारी पन्हं कशातून नेलं?’

‘चरवीतून की. पितळी चरवी आहे तिची, माहेरची. कल्हई उडाली होती, मेला कल्हईवाला यंदा फिरकलाच नाही. ती म्हणायची, पन्हं कळकेल, मास्तरला कसं नेऊ? तर भगवंतनंच कारखान्यातून चमकवून आणली. अशी झाली होती, साहेब, की तोंड बघून घ्यावं. काशी मला दाखवायला घेऊन आली. पोरगं माझं गुणाचं म्हणाली.’

‘चरवी आत्ता कुठाय?’

‘भगवंतनं नेली ना! तुमचाच निरोप आला म्हणे, आईला आंबट काही आण म्हणून. परवाच त्यानं कैऱ्या उकडून गर चरवीत भरून ठेवला होता. आई सुटून आली की पहिलं पन्हं देईन म्हणत होता. आज निरोप मिळाल्याबरोबर त्यात गूळ-पाणी घालून पळतच निघाला. आत्ता चौकीत पोचला असेल बघा.’

 दोन दिवस तो गर त्या चरवीत होता. मास्तरचं पन्हं एकच रात्र होतं.

त्यानं जीपमध्ये उडी मारली. ‘चौकी! चालव!’

आणि रेल्वेचं फाटक बंद. समोर मालगाडी उभी, ना पुढे जाते ना मागे. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मालगाडीला हॉर्न वाजवून काय होणार? हिलालनं त्याला एक शिवी दिली, रेल्वेला एक दिली, उतरला आणि फाटकाखालून वाकून डब्यांपाशी गेला. गेटमन ओरडला, ‘ओ फौजदार, मरशो तमे!’ हिलाल पोटावर पडला आणि दोन चाकांच्या मधून सरपटत निघाला. टोपी पडली, शर्ट फाटला. वर कुठेतरी साखळ्या खणखणल्या आणि डब्यानं एक धक्का खाल्ला. त्यानं डोळे मिटून अंग पलीकडे लोटून दिलं. मागे चाकं हलायला लागली होती.

मग तो पळाला. हा जाडा माणूस शेवटचा कधी पळाला होता ते त्यालाही आठवत नसेल. त्याच्या डोक्यात एकच घुमत होतं: अडवू नकोस त्याला. माझाच हुकूम. मीच सांगितलं, अडवू नकोस.

चौकीच्या पायरीवर धुडकू उभा होता. साहेबाचा अवतार बघून तो हसणार होता, पण धीर झाला नाही. ‘साहेब, भगवंत आलाय. सोडला मी आत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.’

५

कोठडीचं दार उघडं होतं. काशीबाई जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर भगवंत उकिडवा. पंचविशीतला सडपातळ गडी. त्याच्या हातात चरवी होती, आणि काशीबाईच्या हातातला भरलेला पेला ओठांपाशी होता. तिची मान मागे कलली होती.

हिलालला ओरडायचं होतं, पण छातीत श्वासच नव्हता. त्यानं तसाच हात फेकला. पेला भिंतीवर आदळला, पन्हं सगळीकडे उडालं.

‘काय करता साहेब!’ भगवंत उसळून उभा राहिला. ‘घरचं आणू दिलं आणि आता आईला पिऊही देत नाही?’

‘प्यालात?’ हिलालनं काशीबाईचे खांदे धरले. ‘बाई, प्यालात का?’

‘ओठ लागले फक्त.’ ती घाबरून गेली होती. ‘काय झालं?’

‘चूळ भरा. धुडकू, पाणी आण! आधी चूळ भरा, मग बोला.’ तिनं चूळ भरली. हिलालनं भगवंतच्या हातून चरवी घेतली, उरलेलं पन्हं बादलीत ओतलं आणि आत पाहिलं. काठाजवळ चरवी आरशासारखी होती. खाली, जिथवर गर होता तिथवर, ती करडी आणि निस्तेज झाली होती. सरळ रेघ पडली होती मधे.

‘ही कल्हई कुणी केली?’ त्यानं हळू विचारलं.

‘मी,’ भगवंत म्हणाला. आवाजात अजून राग होता, पण थोडा अभिमानही होता. ‘सुट्टी झाल्यावर टाकीत सोडली. आतून नीट चढावं म्हणून आत मुलाम्याच्या धातूची वेगळी सळई लावली. का? शेठनं चोरीची तक्रार केली का? टाकीच्या पाण्यात विष असतं ते मला माहीत आहे, साहेब. नळाखाली घासून घासून धुतली. पाण्याचा एक थेंब ठेवला नाही.’

पोरगा पाण्याला भ्याला, चमकेला नाही. हिलाल त्याच्याकडे बघत राहिला. आता हे सांगायचं कसं? पण सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. त्यानं सांगितलं. रेघ, सोमल नसलेला सोमल, मुलाम्याचा धातू, आंबटात तो कसा उतरतो ते सगळं. मंगलाबाईनं त्याला जितकं सोपं करून सांगितलं होतं त्याहून सोपं करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, ‘काशीबाई, तुम्ही सुटलात. तुम्ही काही केलं नाही. खून कुणीच केला नाही.’

भगवंतच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं. तो चरवीकडे बघत होता. मग बादलीकडे. मग आईच्या ओल्या ओठांकडे.

‘मास्तर मेला तो... माझ्यामुळे?’

‘गप,’ काशीबाई म्हणाली.

‘आई, त्यानं मला कायम केलं होतं. मी त्याच्यासाठी म्हणून—’

‘गप म्हणते ना!’ तिनं त्याच्या तोंडावर फाडकन एक लगावली, पंचविशीच्या पोराला, शिपायासमोर. मग वळून हिलालपुढे बसली. आवाज एकदम शांत होता. ‘साहेब, लिहून घ्या. सोमल मी घातला.’

‘काशीबाई—’

‘कबूल करते. मास्तर माझ्या पोराला जातीवरून बोलला, माझ्या डोक्यात राग होता. चरवीत काही नव्हतं. मी पेल्यात घातला, पदराच्या गाठीतून.’

‘तुमची पुडी फुटलेली नाही.’

‘दुसरी होती. भुसावळहून आणली होती. कागद चुलीत जाळला.’

 तीन दिवस हिलालनं धाक दाखवला, गोड बोलला, फाशीची भीती घातली, आणि या बाईनं हे एक वाक्य दिलं नव्हतं. आता सुटल्यावर ती ते बिनचूक सांगत होती. काल हेच सांगितलं असतं तर त्यानं डोळे झाकून लिहून घेतलं असतं, आणि मुंबईचा कागद येईपर्यंत कुणी काही विचारलं नसतं. त्याच्या पोटाला आता स्पष्ट कळत होतं की ही खोटं बोलतेय. कधी कळलं नव्हतं इतकं स्पष्ट.

‘उठा, बाई,’ तो म्हणाला. ‘मी हे लिहिणार नाही.’

‘एक सांगा, साहेब.’ तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं. ‘चव वाईट होती म्हणता. मग मास्तर बोलला का नाही? मी समोरच उभी होते. एक शब्द बोलला असता तर मी चरवी गटारात ओतली असती.’

याचं उत्तर हिलालजवळ होतं. चिंधा पाटलानं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातचं घेतलं होतं, आणि तोंड वाकडं केलं तर लोक त्याचा अर्थ काय काढतील हे त्याला ठाऊक होतं. तिचा अपमान होऊ नये म्हणून तो प्याला. हे या बाईला आत्ता सांगावं की नाही, ते हिलालला ठरवता येईना. शेवटी त्यानं खरं तेच सांगितलं.

काशीबाईनं ऐकून घेतलं. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. भगवंत भिंतीला डोकं टेकून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

‘आता पोराचं काय?’ तिनं पदराआडूनच विचारलं.

हिलालनं चरवी खाली ठेवली. ‘मुद्दाम केलेलं नाही. पण माणूस गेलाय. निष्काळजीपणाचं कलम लागतं. उद्या त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागेल. मी सगळं लिहीन, कसं झालं, का झालं. मंगलाबाईंनाही उभं करीन. बहुतेक थोडक्यात सुटेल. पण नाव त्याचं लिहावं लागेल.’

‘आज रात्री?’

‘आज रात्री त्याला इथं राहावं लागेल.’

धुडकूनं भगवंतच्या खांद्यावर हात ठेवला, तसा तो निमूट कोठडीच्या आतल्या बाजूला जाऊन बसला, आईची चटई होती तिथेच. हिलालनं काशीबाईला हात देऊन उठवलं, दाराबाहेर आणलं. ती बाहेर उभी राहिली आणि तिनं गज धरले, या बाजूनं.

‘मले सोडून तुमी माझं काय भलं केलं, साहेब?’ ती म्हणाली.